रेघ हलत नाही

पाऊस सरून आकाश धुतल्यासारखं निळं झालं की एकदा गच्चीवर जा. सूर्याकडे पाठ करा आणि समोरच्या नुसत्या निळ्या आकाशाकडे एकटक बघत राहा. थोड्या वेळात बारीक चकाकते ठिपके दिसू लागतील. इकडून तिकडे लगबगीने जाणारे, क्षणभर दिसून नाहीसे होणारे. नाडीवर बोट ठेवलंत तर कळेल की ठोक्याबरोबर त्यांची चाल किंचित वाढते. ते ठिपके आकाशात नाहीत. तुमच्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या केसाहून बारीक नसांमधून पांढऱ्या पेशी धावतायत, त्या तुम्ही बघताय. कसलंही यंत्र नाही, खर्च नाही, आपलं रक्त आपल्या डोळ्यांनी वाहताना दिसतं. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुपारचा डबा तसाच टाकून गच्चीवर पळाले होते. तेव्हा माझं वय एकोणसाठ होतं. पळण्याचं नव्हतं, पण पळाले.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'नोकरीतले अनुभव' लिहा असा आग्रह झाला. चंडीगडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी चौतीस वर्षं काढली. सेक्टरचा नंबर सांगितला तर लगेच ओळखाल, म्हणून सांगत नाही. रुजू झाले, बढत्या मिळाल्या, शाल-श्रीफळ घेऊन बाहेर पडले, ही सगळी कथा एका वाक्यात संपते. सांगण्यासारखं यंत्र एकच आहे. ते माझं शेवटचं.

आधी आमचा धंदा काय ते सांगते, कारण चौतीस वर्षांत माझ्या माहेरी, अचलपूरला, ते कुणाला कळलेलं नाही. आईच्या मते मी 'दुर्बिणी पुसायला' होते. बाजारात जे यंत्र मिळत नाही, किंवा परदेशातून आणायचं तर कुणाला झेपत नाही, ते आम्ही बनवायचो. कधी एकच नग. माझं काम प्रकाशाचं. भिंगं, आरसे, किरण नेमका कुठून शिरतो आणि कुठे पडतो ते जुळवणं. केसाच्या जाडीइतकी चूक झाली तरी सगळं मुसळ केरात. माझ्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण बारीक पेचकस हटकून असायचा. 'बायकोला सोनं नको, स्क्रू दे' असं आमचे हे चारचौघांत सांगायचे आणि लोक हसायचे. खोटं नव्हतं ते.

तर एके दिवशी शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉ. वालिया मॅडम आमच्याकडे आल्या. डोळ्यांच्या डॉक्टर, उंच, खणखणीत आवाजाच्या. म्हणाल्या, "माणूस जिना चढतो, वजन उचलतो, घाबरतो, तेव्हा ब्लड प्रेशर चढतं. सगळ्या अंगाला ताण पडतो. त्या दोन मिनिटांत डोळ्याच्या आतल्या रक्ताचं काय होतं, ते मला बघायचंय. चालू असताना. सुई न टोचता. बनाओगे?"

बनाओगे म्हणून कुणी मला विचारलं की माझ्या तोंडून 'हो' आधी निघतं आणि विचार नंतर येतो.

कल्पना सोपी होती. अगदी मंद लाल लेसर, डोळ्याला काही न करणारा, पडद्यावर टाकायचा. तो परत येतो तेव्हा त्याच्यात रव्यासारखी कणी दिसते. जिथे रक्त वाहतं तिथली कणी पुसट होते, धावत्या पोराचा फोटो पुसट येतो तशी. रक्त जितकं जोरात, तितकी ती पुसट. कॅमेऱ्याने ही पुसटपणाची मोजणी करायची आणि पडद्यावर एक रेघ काढायची. रक्त वाढलं की रेघ वर, कमी झालं की खाली. ही मोजणी करणारा आमचा नेगी. शिमल्याकडचा, माझ्याच वयाचा, कॉम्प्युटरशी जेवढं बोलायचा त्याच्या निम्मंही माणसांशी नाही.

माणसाला ताण द्यायचा तो कसा? घाबरवायचं तर रोज नवीन भूत कुठून आणणार. म्हणून मूठ. एका हाताला प्रेशरचा पट्टा, दुसऱ्या हातात स्टीलचा दांडा. हनुवटी टेकवायची, समोरच्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं आणि दोन मिनिटं दांडा आवळून धरायचा. करून बघा. पहिल्या अर्ध्या मिनिटात हसू येतं, शेवटच्या अर्ध्या मिनिटात देव आठवतो. प्रेशर चढतंच चढतं.

तो दांडा बनवला सोहनसिंगजींनी. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं लेथचं वर्कशॉप. सत्तरी ओलांडलेली, पांढरीशुभ्र दाढी, आणि ड्रॉइंगचा मनापासून तिरस्कार. मी कागद पुढे केला तर म्हणाले, "बीबीजी, ड्रॉइंग रहने दो, हाथ दिखाओ." माझा तळवा बघितला, नेगीचा बघितला, आणि चार दिवसांनी तीन मापांचे तीन दांडे आणून ठेवले. एकही बदलावा लागला नाही.

यंत्र जुळलं. माणसांवर लावायची रीतसर परवानगी आली, पण पहिल्या टप्प्यात फक्त कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसं. सगळ्यात आधी मी बसले. मूठ आवळली. पट्ट्यातलं प्रेशर चढत गेलं, कपाळावर घाम आला, आणि पडद्यावरची रेघ जागची हलली नाही.

नेगी बसला. रेघ सरळ. गेटवरचे निवृत्त फौजी बसले. त्यांनी दांडा असा आवळला की सोहनसिंगजींचं स्टील कुरकुरलं. रेघ सरळ. हिशेब विभागातल्या शर्मा मॅडम दोन मिनिटं अखंड बोलत राहिल्या, त्यांना तीनदा बसवावं लागलं. तरी रेघ सरळ.

मग आम्ही चहाच्या दुधातलं थोडं दूध घेतलं आणि बारीक नळीतून सोडलं. रक्तासारखं वाहणारं काही हवं असलं की आमच्याकडे दूधच वापरतात. दुधाचा वेग वाढवला की रेघ वर, कमी केला की खाली, अगदी नाचत होती. म्हणजे दुधाने हलते, माणसाने हलत नाही. अर्थ उघड होता. यंत्रात दोष आहे.

इथे आमच्या जातीचा एक बाणा सांगते. यंत्र बनवणारा माणूस अर्धवट यंत्र डॉक्टरला दाखवत नाही. डॉक्टर लोक 'बिघडलंय' हा शब्द पुढची दहा वर्षं लक्षात ठेवतात. वालिया मॅडमचा फोन यायचा, "कैसा चल रहा है?" मी म्हणायची, "बस मॅडम, फायनल टच." हा फायनल टच सहा आठवडे चालला. मी भिंग तीनदा बदललं. आरशाची बैठक नवी केली. हनुवटीचा आधार एक सूत खाली घेतला. नेगीने सिग्नल इतका वाढवला की रेघेला बारीक बारीक कंप सुटला, तेव्हा मीच त्याला तो कंप पुसून टाकायला सांगितलं, कारण तो मला कचरा वाटला. काही केल्या रेघ हलेना. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, आम्ही तर अंगण उकरून परत सारवलं होतं.

आणि आढावा जवळ येत होता. दिल्लीहून समिती येणार, पाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी. यंत्र चालतंय असं पटलं तर ते रुग्णालयात जाणार, नाही पटलं तर आमच्या मागच्या गोदामात. त्या गोदामात मी कितीदा गेलेय. कव्हरांखाली ओळीने यंत्रं उभी, प्रत्येकावर बनवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. त्यातल्या दोन चिठ्ठ्यांवर माझं नाव होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तिसरी चिठ्ठी मला नको होती, एवढंच माझं मागणं होतं.

दिवाळीत मी सुट्टी घेतली नाही. पाडव्याच्या सकाळी ह्यांना म्हटलं, संध्याकाळी येऊन ओवाळते. हे केंद्र सरकारच्या ऑडिटमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, अमरावतीचे. वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "त्या यंत्रालाच ओवाळून घे ना. मी काय, बसलोच आहो इथं." आमची जुई तेव्हा मोहालीत एका आयटी कंपनीत नुकती लागली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. ती म्हणाली, "पापा जेलस हो रहे हैं."

पाडवा म्हणजे इथल्या कारागिरांचा विश्वकर्मा दिवस. आपण खंडेनवमीला हत्यारं पुजतो, हे लोक दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी इंडस्ट्रियल एरियात एक लेथ फिरत नाही. मी दसऱ्यालाच यंत्राला झेंडू वाहून मोकळी झाले होते, त्यावरून सोहनसिंगजी जरा घुश्शातच होते. त्या दिवशी ते लाडवांचा डबा घेऊन प्रयोगशाळेत हजर. त्यांनी यंत्राला लाल-पिवळा धागा बांधला, टिळा लावला, आणि मग माझी पेचकसांची पेटी उचलली आणि तिलाही धागा गुंडाळून गाठ मारली.

"आज नहीं छेड़ना, बीबीजी. आज औज़ार आराम करेंगे."

मी म्हटलं, "सोहनसिंगजी, तीन दिवसांवर आढावा आहे."

"जेहड़ी चीज़ छे हफ़्ते खोल-खोल के ठीक नहीं होई, ओहनूं इक दिन बंद रख के वी वेख लो."

सहा आठवडे उघडून सुधारलं नाही, एक दिवस बंद ठेवूनही बघा. म्हाताऱ्याच्या दाढीला मान देऊन मी पेटी कपाटात ठेवली. मनात मात्र चरफडत होते, ते खरं.

आता हाताला काम नाही. यंत्र चालवायचंही नाही. माझ्यासारख्या बाईने अशा वेळी काय करावं? मी सहा आठवड्यांचे छापील कागद काढले आणि लांब टेबलावर पसरले, पहिल्या दिवसापासून. इतके दिवस प्रत्येक कागदावर एक नजर टाकून, लाल पेनाने 'दोष' लिहून मी पेचकसाकडे वळायची. तो कागद नीट असा मी वाचलाच नव्हता.

पहिला कागद माझाच. रेघ सरळ. पण अगदी सरळ नाही. जवळून पाहिलं तर तिच्यावर बारीक लाटा होत्या, साडीच्या काठावर हाताने घातलेल्या टाक्यांसारख्या, एकसारख्या अंतरावर. मीच नंतर नेगीला पुसायला सांगितलेला कचरा. मी भिंग घेऊन त्या लाटा मोजल्या. मग बाजूला छापलेले नाडीचे ठोके पाहिले. सारखेच. मूठ आवळल्यावर नाडी वाढली होती, तिथे लाटाही दाट झाल्या होत्या. फौजींचा कागद घेतला. तेच. शर्मा मॅडमचा घेतला. तेच.

मी भिंग खाली ठेवलं. यंत्र झोपलेलं नव्हतंच. ते प्रत्येक ठोका टिपत होतं. रेघ सरळ होती, पण मेलेली नव्हती. प्रेशर चढत होतं, नाडी पळत होती, आणि तरीही डोळा आपलं रक्त होतं तितकंच राखत होता. माणसामागून माणूस, तेच.

मी वालिया मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे त्या अशा हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"डेढ़ महीना तुम लोगों ने मुझे दिखाया नहीं? अरे, यही तो देखना था मुझे."

त्यांनी मग समजावून सांगितलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगते. पाण्याची वेळ झाली की खालच्या मजल्यावर नळाला किती जोर असतो. नळ होता तसाच सोडला तर बादली भरून वाहते, भांडी उडतात. शहाणी बाई अशा वेळी नळ थोडा बंद करते, आणि जोर कमी झाला की पुन्हा उघडते. धार तेवढीच. डोळ्याच्या नसा हेच करतात. प्रेशर चढलं की आकसतात, उतरलं की सैल होतात. आपण सांगत नाही, आपल्याला कळतही नाही. तुम्ही सिलिंडर उचलता, भांडता, बस पकडायला धावता, आणि आत कुणीतरी नळावर हात ठेवून उभं असतं. पडदा इतका नाजूक की त्याला जास्त रक्तही चालत नाही आणि कमीही. अर्थात याला हद्द असते, फारच ताण पडला तर नळ हातातून निसटतो. पण रोजच्या धकाधकीला तो पुरून उरतो.

हे ऐकताना मला काय झालं ते लिहायला जरा संकोच वाटतो. मी रडले. एकोणसाठ वर्षं हे माझ्या डोळ्यांत चाललं होतं, आणि सहा आठवडे मी त्यालाच दोष म्हणून लाल पेनाने खोडत होते. मग मी कॉरिडॉरमधून धावत गेले आणि नेगीला घट्ट मिठी मारली. तो बिचारा चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

संध्याकाळी घरी ह्यांना ओवाळलं. निरांजन फिरवताना माझं लक्ष ह्यांच्या गळ्यावर उडणाऱ्या नाडीकडे होतं. हे म्हणाले, "काय पाहून राहिली?" म्हटलं, काही नाही.

पण वालिया मॅडमनी फोन ठेवता ठेवता एक मेख मारून ठेवली होती. "समिती विचारेल, सगळ्यांचीच रेघ सरळ, मग तुमचं यंत्र अडकलेलं नाही कशावरून? दूध चालणार नाही. मला एक तरी माणूस दाखवा, ज्याची रेघ हलते."

दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, त्या स्वतः आल्या. नेगीने पुसायचं बंद करून लाटा परत आणल्या होत्या. आम्ही दिसेल त्याला पकडून बसवत होतो. ग्रंथपाल, त्यांची सासू, इलेक्ट्रिशियन, त्याची बायको. दुपारपर्यंत दहा माणसं झाली. दहा सरळ रेघा. आधी हलत नाही म्हणून रडत होतो, आता कुणाचीच हलत नाही म्हणून रडू लागलो.

चारच्या सुमारास हे मला न्यायला आले. मंडळात फराळाचा कार्यक्रम होता. मी म्हटलं, "अहो, पाच मिनिटं बसा इथं."

"मला कशाला बसवून राहिली? तिकडं लोक वाट पाहून राहिले ना."

"बसा हो. हनुवटी टेकवा."

बसले. मधल्या मापाचा दांडा घेतला. प्रेशर चढायला लागलं, आणि रेघ उठली. माझा विश्वास बसेना. प्रेशर वर तशी रेघ वर, पायरी पायरीने. दोन मिनिटांनी ह्यांनी मूठ सोडली, प्रेशर उतरलं, तशी रेघही खाली आली. आणि लाटा जागच्या जागी, नाडीबरोबर.

नेगीने टेबलावर मूठ आपटली. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, लहान मुलीसारख्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दहा माणसं पकडून आणली आणि हवा होता तो माणूस माझ्याच घरात. मी म्हटलं, "अहो, तुम्ही माझं यंत्र वाचवलंत."

हेही खूश झाले. "पाहिलं? ऑडिटवाला बसल्याशिवाय काही सापडत नाही."

वालिया मॅडमनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मला मागाहून आठवलं. त्या म्हणाल्या, "दुसरी आँख लो." हा डावा. रेघ आणखी उंच गेली. मी पुन्हा उड्या मारायच्या बेतात. त्या म्हणाल्या, "पाच मिनिट आराम, फिर एक बार." पुन्हा तेच.

मग त्यांनी खुर्ची ह्यांच्या समोर ओढली आणि हळू आवाजात विचारलं, "भाईसाहब, घर में किसी को काला मोतिया था?"

काला मोतिया म्हणजे आपला काचबिंदू. हे म्हणाले, "नहीं जी. पिताजी को आखिर में दिखना बंद हो गया था. पण ते वयानं. अट्ठ्याहत्तरचे होते."

मॅडमनी ते कागदावर टिपून घेतलं. मी माझ्याच पडद्याकडे पाहिलं. ती रेघ तिथे होती, जिच्यासाठी मी सहा आठवडे देव पाण्यात ठेवले होते. आत्ता कुठे मला कळलं की ती का हलते. ह्यांच्या डोळ्यात नळावरचा हात ढिला झाला होता, आणि मी टाळ्या पिटत होते. ती लाज अजून गेलेली नाही.

"एका रेघेवरून काही ठरत नाही," मॅडमनी बजावलं. "यंत्र नवीन आहे, त्याचंच अजून ठरायचंय. पण उद्या तपासणीला या. नक्की."

आम्ही मंडळात गेलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात सगळं रीतसर झालं. डोळ्यातला दाब मोजला, मागच्या नसेचा फोटो काढला. मग वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून, कडेला दिवा दिसला की बटण दाबायचं, ती परीक्षा. हे बटण दाबत होते, आणि मी बाहेर बसून त्या बटणांचा आवाज ऐकत होते. डाव्या डोळ्याच्या वेळी मधे मधे आवाज यायचा थांबत होता.

काचबिंदू होता. नुकता सुरू झालेला. डाव्या डोळ्याची कडेची थोडी नजर गेली होती आणि ती परत येणार नव्हती. उरलेली सगळी राखता येईल, थेंब आजपासून, जन्मभर, असं मॅडम म्हणाल्या. "म्हणजे मला दिसत नव्हतं?" ह्यांनी विचारलं. "मला तर सगळं दिसून राहिलं." मॅडम म्हणाल्या, एका डोळ्याचं कमी पडलेलं दुसरा भरून काढतो, म्हणून कळत नाही. ज्यांना कळतं त्यांना फार उशिरा कळतं. ह्यांनी थेंबांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बाबांना कुणी मूठ आवळायला नाही लावली."

घरी परतताना गाडी मी चालवली. आढावा दुसऱ्या दिवशी होता. मी म्हटलं, "तुमची रेघ मी दाखवणार नाही."

"का बरं?"

"माझ्याच्यानं होणार नाही."

"मग ते दाखवशील काय? दहा सरळ रेघा? ऑडिटमधी मी असतो ना, तर पहिला तोच मुद्दा काढला असता." जरा वेळाने म्हणाले, "तीस वर्षं लोकांच्या त्रुट्या कागदावर आणल्या. एक माझी आली तर काय बिघडलं? नाव तेवढं नको टाकू."

आढाव्याच्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी सरळ रेघा पाहिल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "मॅडम, आपकी मशीन सो तो नहीं रही?" मी लाटा दाखवल्या, नाडी दाखवली. ते मान हलवत राहिले. मग मी अकरावा कागद पुढे ठेवला. 'व्यक्ती क्रमांक अकरा, पुरुष, वय बासष्ट.' त्यांनी तो हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला, आणि शेजारच्याकडे दिला. त्यानंतर कुणी झोपेचं नाव काढलं नाही. यंत्र पसंत झालं. गोदामात तिसरी चिठ्ठी लागली नाही. मला आनंद झाला का? झाला, आणि भरपूर झाला. घरी जाताना पेढे घेतले आणि त्याच पिशवीत थेंबांची बाटलीही होती.

याला आता चार वर्षं होतील. रोज सकाळी आणि संध्याकाळी मी थेंब घालते आणि हे रोज न चुकता म्हणतात की कालच तर घातले. नजर तेवढीच आहे. त्यातलं काही गेलेलं नाही.

मॅडम पहिल्यापासून मागे लागल्या होत्या की हे घराण्यात उतरतं, मुलीला दाखवून घ्या. जुई टाळत होती. "मम्मा, मेरी आँखें ठीक हैं यार." गेल्या महिन्यात शेवटी तिला धरून नेलं. दाब, फोटो, बटणं, सगळी रीतसर तपासणी स्वच्छ निघाली. मॅडम म्हणाल्या, आता आलीच आहेस तर तुझ्या आईच्या यंत्रावरही बस, आमच्या अभ्यासाला एक नोंद होईल. त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

यंत्र आता रुग्णालयाच्या एका छोट्या खोलीत आहे. सोहनसिंगजींचा धागा तसाच, रंग उडालेला. ते चालवणारी तंत्रज्ञ मनप्रीत त्याच आठवड्यात रुजू झालेली, मला ओळखत नव्हती. मीही ओळख दिली नाही, कोपऱ्यात स्टुलावर बसले. हे दाराशी उभे. जुईने हनुवटी टेकवली, लहान मापाचा दांडा धरला आणि आवळला.

प्रेशर चढायला लागलं. मी पडद्याकडे बघत होते. आयुष्यात इतक्या रेघा पाहिल्या, एवढी भीती कुठलीच बघताना वाटली नव्हती. अर्धं मिनिट. एक मिनिट. जुईचा हात थरथरू लागला, प्रेशर आणखी वर गेलं. रेघ तिथेच. तिच्यावर बारीक लाटा, एकामागून एक, अगदी नीट टाक्यांच्या. दोन मिनिटं झाली. रेघ जागची हलली नव्हती.

मनप्रीतने कपाळाला आठ्या घातल्या. "मशीन अटक गई लगती है," ती पुटपुटली, आणि खिशातला पेचकस काढून यंत्राच्या बाजूच्या झाकणाकडे हात नेला.

मी उठले आणि तिचा हात धरला.

"आज नहीं छेड़ना, बेटा," मी म्हटलं. "बिल्कुल ठीक चल रही है."